गालातली हाताची कातडी

रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीनचा ढीग पडला की व्यापारी आधी शालिग्रामला हाक मारायचे. ओल मोजायचं यंत्र होतं, पण भरवसा शालिग्रामच्या दाढेवर. ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळातला दाणा दाढेखाली फोडायचा आणि ओल सांगायची, हे त्याचं पंचवीस वर्षांचं काम. त्याच तोंडात, डाव्या गालाशी, दिवसभर खर्र्याचा, म्हणजे चुना लावून घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा तोबरा. गालात पांढरा चट्टा उठला तेव्हा ‘चुन्यानं भाजलं’ म्हणत या शहाण्यानं दोन महिने काढले. शेवटी अकोल्याला डॉक्टरांनी गाल आतून कापला आणि मनगटाजवळची कातडी काढून तिथं शिवली. कॅन्सर लवकर सापडला, म्हणून नुसत्या ऑपरेशनवर भागलं.

केनवडला घरी आल्यावर माणसानं गप पडून राहावं की नाही? तिसऱ्या महिन्यात जेवताना त्याच्या जिभेला केस लागला.

“तुळसे, डोकं बांधून सयपाक करत जाय ना!”

तुळसाबाईनं डोक्याला फडकं बांधलं. तरी केस लागायचाच. आठ दिवस त्यानं ताटावर बसून तोंडसुख घेतलं. नवव्या दिवशी ती वैतागली, मोबाइलची बॅटरी लावून तिनं त्याच्या तोंडात डोकावलं आणि पदर तोंडाशी धरून हसत सुटली.

“अवो, हा माह्या भाकरीतला नाई! तुमच्याच हाताचा केस हाय. गालात उगून राह्यला!”

शालिग्रामही हसला. पण त्या दिवसापासून त्याच्या हाती आरसा आला, आणि आरशानं त्याचं सुख खाल्लं. पाचव्या महिन्यात एका सकाळी त्याला डाव्या गालात पांढरं दिसलं. हा रंग त्याच्या ओळखीचा होता.

त्यानं बायकोला सांगितलं नाही. दारातल्या उन्हात, एसटीच्या खिडकीशी, बाजार समितीच्या नळापाशी, जिथं जाईल तिथं गाल ओढून पाहायचा. मीठ लावून बोटानं घासायचा. थोडं निघायचं, बरं वाटायचं; दोन दिवसांनी पुन्हा पांढरं. दवाखान्याची तारीख आली, त्यानं चुकवली. गेलं तर डॉक्टर बोलणार, न गेलं तर निदान कुणी बोलत तर नाही, असा त्याचा हिशेब.

खर्रा त्यानं सोडला होता, त्यात खोट नव्हती. पण जीव टांगणीला लागला की हाताला चाळा हवा. म्हणून खिशात सुपारीची पुडी. तंबाखू नाही, चुना नाही. सुपारी तर पूजेत मांडतात, तिनं कुणाचं काय वाईट होतं? डावा गाल दुखरा, म्हणून ती उजवीकडं धरायची. भीती वाढली तशी सुपारीही वाढली.

तुळसाबाई काही आंधळी नव्हती. एकदा आरशासकट तिनं त्याला पकडलं.

“काहून लपवून राह्यले मापासून? मले काय समजत नाई?”

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला अकोल्याच्या एसटीत बसवलं. मेडशी येईस्तोवर तो तीनदा म्हणाला, “मी उतरतो.” तिनं खिडकीकडं तोंड केलं, पण त्याच्या शर्टाची बाही सोडली नाही.

डॉक्टरांनी टॉर्च लावला, डाव्या गालावरून कापसाचा बोळा फिरवला, थोडं पांढरं बोळ्यावर निघून आलं. शालिग्रामनं डोळे मिटून घेतले.

“काका, हा रोग नाही. ही तुमच्या हाताचीच कातडी. बाहेर तिला हवा मिळायची, इथं ती रात्रंदिवस लाळेत भिजते, म्हणून वरचा थर पांढरा पडतो. हळूहळू मऊ होईल, गुलाबीसुद्धा दिसेल. मीठ लावून घासू नका.”

“म्हंजे पाण्यात पडलेल्या सोयाबीनच्या टरफलावाणी?”

“अगदी तसंच.”

शालिग्राम रडला. भर दवाखान्यात, बायकोसमोर, लहान लेकरासारखा रडला, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. तो खुर्चीवरून उठायला लागला.

“थांबा. उजवी बाजू दाखवा.”

“ते चांगली हाय साहेब. तिकडं काईच झालं नाई.”

“दाखवा तरी.”

टॉर्च उजवीकडं गेला आणि तिथंच थांबला. डॉक्टरांनी बोटानं दाबून पाहिलं. बोळा फिरवला, इकडचं पांढरं जराही निघालं नाही.

“इकडं काय ठेवता तुम्ही?”

“नुसती सुपारी. तंबाखू नाई, तुमची शप्पथ.”

“याचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल. आजच घेऊ.”

तुळसाबाईनं हात पुढं केला. शालिग्रामनं खिशातली पुडी काढून तिच्या तळव्यावर ठेवली.

“हा चट्टा किती दिवसांचा आहे, काका?” डॉक्टरांनी विचारलं.

शालिग्रामची नजर टेबलावरच्या आरशावर गेली.

“मले नाई ठाव, साहेब,” तो म्हणाला. “इकडं म्या कदी पायलंच नाई.”