किल्लेकोट राहिलाय

सोमवारी सकाळी माझा नवरा कामावर गेला. दुपारी काशीमीऱ्याच्या नाक्यावर त्याला ट्रकने उडवलं. संध्याकाळी त्याला घरी आणलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडला आणि मला म्हणाले, "बस. पांढऱ्या तुझ्या."

डावाची सुरुवात इतक्या निष्ठेने शिकवणारा आणि एकही डाव पुरा होऊ न देणारा दुसरा माणूस मीरा रोडपासून भाईंदरपर्यंत झाला नसेल. पोस्टातून निवृत्त होऊन, परळची खोली सोडून ते मीरा रोडच्या पूनम सागर सोसायटीत आले, तेव्हापासून निम्मी सोसायटी त्यांच्याकडे शिकून गेली. पण पहिल्या दहा चालींपुरतीच. मधली प्यादी पुढे सरकवायची, मग घोडे काढायचे, मग उंट. एकच सोंगटी उगाच दोनदा हलवायची नाही. वजिराला घाईने बाहेर धाडायचं नाही. आणि राजाचा किल्लेकोट करायचा, म्हणजे त्याला हत्तीच्या आडोशाला कडेला नेऊन ठेवायचं. एवढं झालं की सगळ्या सोंगट्या गोळा करून ते डब्यात भरत. समोरचे गुजराती शेजारी काकुळतीला येत, "अंकल, अभी तो मजा आ रहा था." सासरे झाकण लावत म्हणत, "मजा आप घर जाके करो. शुरुआत अच्छी हुई, मेरा काम हो गया."

माणूस पहिल्या चालीवरून ओळखावा, असं त्यांचं ठाम मत. सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा सुरुवातच कोपऱ्यातल्या प्याद्याने केली; त्या वर्षी सासऱ्यांनी त्याला मत दिलं नाही. मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "बुद्धिबळ येतं?" मी नाही म्हटलं. "छान," ते मुलाकडे वळून म्हणाले, "म्हणजे चुकीचं काही शिकलेली नाही." त्यानंतर सहा वर्षं त्यांनी मला शिकवलं मात्र नाही. तेराव्यानंतर भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी पट पाहून उसासा टाकला, "शेवटी आयुष्य म्हणजे बुद्धिबळच." सासरे उंट उचलून म्हणाले, "हा उंट. हा तिरका जातो. याचा आयुष्याशी काही संबंध नाही."

आम्ही रोज संध्याकाळी खेळत होतो. बोलणं सोंगट्यांपलीकडे जात नव्हतं. सांगलीहून दादा मला न्यायला येणार होता आणि मला जायचं नव्हतं. भाईंदर पूर्वेच्या वाचनालयातली माझी नोकरी होती, हे घर होतं. पण नवरा गेल्यावर सासऱ्यांना मला राहू द्या असं कोणत्या तोंडाने म्हणायचं, ते मला सुचत नव्हतं. आणि त्यांनी जन्मात कोणाला थांबवलेलं नव्हतं. "जा" असं ते अगदी सभ्यपणे म्हणतील, याची मला धास्ती होती.

दादा आला, चहा झाला. "हिला घेऊन जातो म्हणतो," तो सासऱ्यांना म्हणाला. "इथे आता हिचं काय आहे?"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "नेऊ नका असं मी कसं म्हणणार? पण हिचा किल्लेकोट राहिलाय."

"म्हणजे?"

"बुद्धिबळातला. अजून चार-सहा महिने तरी लागतील."

दादाने माझ्याकडे पाहिलं. किल्लेकोट मला आदल्याच आठवड्यात नीट जमला होता आणि तेव्हा सासऱ्यांनी मान डोलावली होती. मी म्हटलं, "हो दादा. राहिलाय खरा."

"बरं," तो म्हणाला, "मग शिकून घे." त्या दिवशी कित्येक दिवसांनी मी दोनदा भात घेतला. दादाला रिक्षात बसवून वर आले, तर सासरे पाठमोरे उभे राहून कप विसळत होते. "तुला आधी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "मला वाटत होतं, तू जाशील."

मी नऊ वर्षं त्यांच्याजवळ राहिले. एका दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता ते झोपले आणि झोपेतच गेले. त्रास झाला नाही. आमचा एकही डाव अकराव्या चालीपर्यंत पोचला नाही. आता घरात मी एकटी आहे आणि वाचनालयात जाते.