शंभराव्या पानावरचा प्रश्न

मंडळी, आज माझं एक जुनं खोटं उघडं पडलं.

सकाळी वाचनालयात एक ऐतिहासिक कादंबरी परत केली. तिच्यातला राजा पानोपानी भाषणं ठोकतो, जेवतो कधी ते कळत नाही. नव्या सामाजिक कादंबऱ्यांत तर सगळेच उदास. ग्रंथपाल वैतागून म्हणाले, "बाई, तुमास्नी कायच आवडत न्हाय. ही रहस्यकथा न्ह्या की! जुनी हाय, पण झकास."

पुस्तक ओळखीचं निघालं. वीस वर्षांपूर्वी माझी मैत्रीण कमल हेच वाच म्हणून मागे लागली होती. मी तेव्हा रहस्यकथांना नाक मुरडायची. तिनं याच वाचनालयातून आणून हातात दिलेलं पुस्तक न उघडताच तिला परत केलं आणि सांगितलं, "वाचलं. बरं आहे."

ती नुसती हसली होती.

आज दुपारी वाचत बसले. शंभराव्या पानाच्या समासात कमलचं पेन्सिलीतलं अक्षर दिसलं: "सुमे, इथं थांब. खुनी कोण, सांग बघू. माझा संशय डॉक्टरवर हाय."

म्हणजे मी उत्तर न देता पुस्तक परत केलं, तेव्हाच माझं खोटं तिला कळलं होतं.

कमलला जाऊन दोन वर्षं झाली. पुस्तकात लिहिणाऱ्यांना मी आजवर फैलावर घेत आले. आज तिच्या ओळीखाली लिहिलं, "डॉक्टर नव्हे, त्याची बहीण."

पुढचं पान अजून उलटलेलं नाही. चुकले तर "हरलीस की गं!" म्हणणारं आता कोण आहे?

तुम्हीही कुणाचं पुस्तक असंच परत केलंय का? ते माणूस अजून हयात असेल, तर आजच वाचायला घ्या.