बाहेरून लावलेली कडी

माझा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याचं होस्टेलच्या रेक्टरबाईंनी दारातूनच सांगितलं. माझ्या मागे उभ्या असलेल्या रेमीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या चायनीजनेच आणला असणार."

रेमी मिझोरामची. माणगावजवळच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात माझी रूममेट. निर्बंध लागल्यापासून ती होस्टेलबाहेर पडलीच नव्हती. दिवेआगरला चुलतबहिणीच्या हळदीला जाऊन आले होते ती मी.

"मॅडम, तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे."

"आज ना उद्या येईलच पॉझिटिव्ह," म्हणत त्यांनी दोघींना आत ठेवून बाहेरून कडी घातली.

डबा यायचा तेवढ्यापुरती कडी निघायची, की परत लागायची. तापापेक्षा मला त्या आवाजाची धास्ती बसली. भिंती जवळ आल्यासारख्या वाटायच्या. रेमी मास्क लावून समोरच्या कोपऱ्यात बसायची. तिला झालाच असता तर माझ्यामुळे, आणि ठपका मात्र तिच्यावरच आला असता.

आई फोनवर विचारायची, "दम लागतो काय गो बाय?" मी म्हणायचे, "न्हाय गो."

एका दुपारी उठून बसले आणि श्वासच पुरेना. रेमीने ऑक्सिमीटर लावला. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, फार खाली गेलं होतं. रेक्टरबाई फोन उचलेनात. रेमी दार बडवत ओरडली. जिन्यावरून कुणीतरी म्हणालं, "जवळ जाऊ नका." शेवटी तिने लोखंडी खुर्ची घालून दाराची फळी फोडली आणि हात बाहेर काढून कडी उघडली.

"न्यूमोनिया आहे, फुप्फुसांना सूज आलीय," इस्पितळात डॉक्टर म्हणाले. "आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं."

मी घरी आले तेव्हा कळलं, दार फोडल्याबद्दल रेमीला नोटीस मिळाली होती. बाबा तडक प्राचार्यांकडे गेले. "दार मी बसवून देतो. पण त्या पोरीमुळं माझी पोर जिवंत हाय."

नोटीस मागे घेतली गेली. पुढे जात-वंशावरून होणाऱ्या भेदभावाबद्दल कॉलेजात सगळ्यांसाठी प्रशिक्षण ठेवलं. "आमच्याकडे असलं काही नाही," रेक्टरबाई म्हणाल्या. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बोलताना अजून धाप लागत होती.

शेवटी म्हणाले, "तुमच्या घरी कुणी आजारी पडलं तर अंतर राखा, मास्क लावा. पण माणसाला कोंडू नका."

कार्यक्रमानंतर बाई रेमीजवळ आल्या. "चुकलं माझं, बेटा."

"मॅडम, आधी माझं नाव घ्या," रेमी म्हणाली.

बाईंना ते ठाऊक नव्हतं.