पारावरची नोटीस

"काम देलं तं आली नाही, अन् आता भत्ता मांगाले आली. फुकटचं खाची सवय लागली तुमाले."

गावचा रोजगारसेवक बोलला हे. ग्रामपंचायतीच्या हाफिसात, चहा पेनाऱ्या सात-आठ मानसाईसमोर. माह्या धाकट्या देराच्या वयाचं पोट्टं, सरपंचाचा पुतन्या. खुर्चीतून हाललंही नाही. मानसं हासली. अन् मी काय केलं? पदर पुढं ओढला, खाली पाहत उभी राहिली. त्याचीच लाज वाटते मले अजून.

आमी सात जनीनं रोजगार हमीचं काम तोंडीच मांगतलं होतं. कायदा सांगते, पंधरा दिवसात काम द्या, नाही तं भत्ता द्या. पन काम देलं अन् तुमी गेले नाही, तं तीन महिने भत्ता बंद. अरे, मले कामच पायजे होतं. गावात काम नसलं तं उन्हाळाभर वीटभट्टीवर जा लागते, सारं घर घेऊन. मंग पोरीची यंदाची दहावी बुडते. हातचं काम मी काहून सोडीन?

"मले कोनं सांगतलं कामाचं?"

"पारावर नोटीस लावली होती. वाचाची होती."

मारोतीसमोरचा पार. तिथं दिवसभर मोठी मानसं बसते, म्हनून गावातली सून त्याच्यासमोरून जात नाही. मांगच्या बोळीतून, नालीच्या काठानं जाते. सासूनं पहिल्याच दिवशी शिकवलं. अठरा वर्सं मी तशीच गेली, डोक्शावर भरला हंडा घेऊन. हे त्याले माहीत नव्हतं? चोर तो चोर, वर शिरजोर.

मी मान वर केली. "तुही माय वाचते का रे पारावरची नोटीस?"

  त्याची मायही बोळीतूनच जाते.

"तोंड सांभाळून बोल," तो म्हने.

मी बाहीर निंघाली. बोळीत वळली नाही. सरळ पारावर गेली. माहा सासरा तिथंच बसला होता. म्हने, "सूनबाई, इकडून कुठी?"

"नोटीस वाचाले, मामाजी."

त्यानं तोंड फिरवलं. मी वाचलं. सात नावं, सातही सुनाईची. माहं पहिलं. काम सुरू होऊन संपलंही होतं. मोबाईलवर फोटो काढला. 

दुसऱ्या दिवशी साती जनी एसटीनं तेल्हाऱ्याले पंचायत समितीत गेलो. अर्ज देला. "पाहू," साहेब म्हने. अजून पाहूनच राहिला तो. भत्ता बंदच आहे.

पन आता कामाची मांगनी आमी लिहून देऊ. तारखेची पावती हातात पडल्याबिगर हाफिसातून हालनार नाही. पोरगी दहावीले बसनारच. अन् मी रोज पारासमोरून जाईन, डोक्शावर हंडा घेऊन. ज्याले पाहवत नाही, त्यानं बोळीतून जावं.