ठिपक्याचं माहेर

‘दोन बायका, फजिती ऐका’ म्हणतात. मध्यभारत सरकारला दोन राजधान्या होत्या, आणि फजिती व्हायची ती सेक्रेटरिएटातल्या कारकुनांची. हिवाळाभर ग्वाल्हेर, उन्हाळा लागला की इंदूर. लक्ष्मीकांतरावांच्या फायली सरकार हलवी. घर हलवायचं राजलक्ष्मीबाईंनी. देव डब्यात, भांडी पोत्यात. पण ठिपक्या कशात घालायचा?

ठिपक्या म्हणजे ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या गटारीतून उचललेलं पिल्लू. डोळेही उघडले नव्हते. राजलक्ष्मीबाईंनी देवासाठी वळलेल्या फुलवाती दुधात बुडवून त्याच्या तोंडात पिळल्या, तसा तो जगला. देवघरात दत्ताची तसबीर, तिच्यात पायाशी चार कुत्री. “पाचवं माझ्या दाराशी,” असं त्या म्हणत. दाराशीच बरं का. सोवळ्यात उंबरा ओलांडायची त्याला मुभा नव्हती.

इंदूरचा घरमालक कुत्रं ठेवू देईना. तेव्हा कुणीतरी विजयाबाईंचं नाव सांगितलं. त्यांचे यजमान संभाजीराव संस्थानच्या रिसाल्यात होते. फौज विलीन झाली, घोडा गेला आणि इंदरगंजामागच्या त्यांच्या घरातली पागा रिकामी पडली. मोकळं ठाण पाहून विजयाबाईंना रडू येई, म्हणून इंदूरला जाणाऱ्यांची कुत्री त्या सांभाळू लागल्या. भरल्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या, हसल्या की पागा हसे.

पहिल्या वर्षी राजलक्ष्मीबाईंनी डोळे पुसत ठिपक्याला तिथे सोडलं. दसऱ्याला आणायला गेल्या, तर गडी चांगला गोलमटोल. घरी आणून दूधपोळी पुढे ठेवली, तर खाईना. ताटलीपुढे बसून नुसता बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला.

“काय रे, विसरलास मला?” बाईंनी विचारलं.

दोन दिवस असेच गेले. मग भुकेपोटी खाल्लं एकदाचं. पण पुढल्या वर्षी तेच, त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. शेजारच्या लीलाबाई कठड्यावरून वाकून म्हणत, “माहेराहून आलाय ना तो! चार दिवस सासरचं गोड लागायचं नाही.”

माहेर! फुलवातीनं दूध पाजलं कुणी, आणि माहेर कुणाचं? राजलक्ष्मीबाई ठिपक्याचं तोंड हुंगून बघत. एकदा तर विजयाबाईंना विचारलंच, “मटण घालता की काय हो त्याला?”

“घालते की. पण गुरुवारी नाही हं, वहिनी. दत्ताच्या घरचा ना तो!” विजयाबाई हसल्या. ते हसणं राजलक्ष्मीबाईंना वर्षभर डाचत राहिलं. जपाची माळ ओढताना त्यांना मण्यामण्यातून विजयाबाईंचे दात दिसत.

छप्पन्न साली मध्यभारतच मोडायचं ठरलं. नव्या राज्याला आता एकच राजधानी, भोपाळ. आणि तिथून परत येणं नाही. शेवटचा इंदूरचा उन्हाळा संपवून दोघं ग्वाल्हेरला आले, ते सामान बांधायलाच.

“ठिपक्याला विजयाबाईंकडेच राहू दे,” लक्ष्मीकांतराव म्हणाले. “दीड खोलीचं क्वार्टर. तो तिथे खूश असतो, तुला दिसत नाही का?”

“दिसतं. म्हणूनच नेणार.”

“अगं, त्याच्यासाठी नेतेस की त्यांना मिळू नये म्हणून?”

 विजयाबाईंना न कळवताच टांगा करून राजलक्ष्मीबाई निघाल्या. टांगेवाला म्हणाला, “माताजी, इतनी जल्दी काहे की?” त्यांना विजयाबाईंची चोरी धरायची होती. करणी म्हणा, मटण म्हणा, काहीतरी असणारच.

पागेचं दार अर्धवट उघडं होतं. आत चार-पाच कुत्री ओळीनं बसलेली, पुढे भाकरी कुस्करलेल्या थाळ्या. एकही तोंड घालत नव्हतं. सगळ्यांचे डोळे विजयाबाईंच्या तोंडाकडे. ठिपक्याचेही, अगदी त्याच नजरेनं. विजयाबाईंनी वाटीतली हळद चिमटीनं उधळली आणि खणखणीत आवाज दिला, “येळकोट येळकोट, जय मल्हार!” तशी सगळी थाळ्यांवर तुटून पडली.

राजलक्ष्मीबाई दारातच खिळल्या.

“या वहिनी! अशा का उभ्या?” विजयाबाई हात पुसत आल्या. “खंडोबाची कुत्री ही. देवाचं नाव घेतल्याशिवाय कसं घालणार? तुम्ही काय म्हणून घालता?”

“मी?” राजलक्ष्मीबाईंना घरची ताटली आठवली. घरात नैवेद्य दाखवल्याखेरीज त्या पाण्याचा घोट घेत नसत. आणि ठिपक्याची ताटली मात्र सोवळ्यातूनच, लांबून, विटाळ नको म्हणून काठीनं सरकवत. तोंडातून चकार शब्द नाही.

“भोपाळला नेतेय त्याला,” त्या कशाबशा म्हणाल्या.

विजयाबाईंचं हसू मावळलं. “ठेवून जा ना, वहिनी. घोडा गेला, आता हाही?”

“त्याला तुमचाच लळा आहे, ठाऊक आहे मला. तरी नेणार.”

“माझा?” विजयाबाई एकदम तडकल्या. “तुमची पाठ वळली की आठ-आठ दिवस दाराला नाक लावून बसतो मेला. टांगा वाजला की उठतो. ते दिवस भाकरीसुद्धा मी मांडीवर घेऊन भरवते, तेव्हा कुठे त्याचं खाणं सुरू होतं. इतकी वर्षं बघतेय. जळफळाट होतो नुसता!”

“मग कधी बोलला नाहीत ते?”

“का सांगू?” म्हणत त्यांनी ठिपक्याच्या गळ्यात दोरी बांधली आणि पाठ फिरवून आत गेल्या.

गार्डाच्या डब्यातून ठिपक्या भोपाळला पोचला. पहिल्याच दुपारी नव्या क्वार्टरच्या ओट्यावर ताटलीपुढे बसून त्यानं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. बाई सोवळ्यात होत्या. इकडे तिकडे बघून पुटपुटल्या, “येळकोट येळकोट.” ठिपक्यानं कान टवकारले, पण हलला नाही. त्याला आवाज हवा होता.

बाईंनी आतून हळदीची चिमूट आणली, दत्ताच्या तसबिरीकडे एकदा पाहिलं, उंबरा ओलांडून थेट त्याच्याजवळ बसल्या आणि ओरडल्या, “येळकोट येळकोट, जय मल्हार!”

“अगं, आपण खंडोबाचे कधी झालो?” आतून लक्ष्मीकांतरावांनी विचारलं.

“गप्प बसा. जेवतोय तो.”

ग्वाल्हेरला कुणी जाणारं भेटलं की राजलक्ष्मीबाई निरोप धाडत: विजयाबाईंना म्हणावं, ठिपक्या मजेत आहे, पोटभर जेवतो. काय म्हटलं की जेवतो, ते मात्र त्यांनी कधी कळवलं नाही. का कळवायचं?