चाचांचा पाळणा आणि आमची मशीन

लाकडात गोल भोक पाडायला सांगितलं आणि मशीननं अंड्यासारखं पाडलं, तर तुम्ही आधी कुणावर ओरडाल? आमच्याकडे रफिकभाई मशीनवर ओरडतात, त्यांचे अब्बा रफिकभाईंवर ओरडतात, आणि मी पाना शोधते!

मांजरसुंब्याजवळ आमचं सीएनसी राउटरचं वर्कशॉप आहे. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीन ती लाकडात कोरते. मालक रफिकभाई, मी डिझाइन आणि पॉलिश बघते. भुसा मी रोज झाडते, पण किस्से झाडून जात नाहीत. ते कोपऱ्यात साचतच राहतात.

त्यातला मोठा ढीग हुसेनचाचांचा. चाचा म्हणजे रफिकभाईंचे अब्बा. जन्मभर हातानं कोरीवकाम केलं. माझी लेक वर्षा लहान असताना त्यांनी तिला शब्द दिला होता, "तुझ्या लेकराचा पाळणा मीच करणार." यंदा वर्षाला मुलगी झाली, पण चाचांचे हात आता थरथरतात.

"मग मशीनच्या हातानं करतो की," चाचा म्हणाले.

जावईबापू बीडहून लोखंडी पाळणा आणायला तयारच होते. मी म्हटलं, "बारशाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत थांबा." आणि मशीन तर पावसाळ्यापासून रुसलेली!

*

तलवाड्याच्या दोघा भावांनी नव्या घरासाठी पाटी करायला टाकली होती. थोरल्याचं नाव खोल कोरलं गेलं, धाकट्याचं नुसतं खरवडल्यासारखं.

धाकटा तिथंच फुगला. "माझंच नाव कावून वरवर?"

मशीनवर लाकडाखाली जो फळा असतो, तो दमट हवेनं एका बाजूला फुगला होता. रफिकभाईंनी तो तासून सपाट केला आणि दुसरी पाटी कोरून दिली. धाकट्यानं दोन्ही नावांत नख घालून बघितलं.

"आता बरं हाय. पण त्याच्यात नख जरा जास्त जातंय बघा!"

*

धारूरच्या एका काकूंच्या देवघराच्या दारावर मोर कोरायचा होता. पातं जिथं आवळतात तिथं भुसा अडकलेला. त्यामुळे पातं कोरता कोरता खाली सरकत गेलं आणि मोराचा डोळा आरपार!

रफिकभाई म्हणाले, "काकू, दुसरं दार करून देतो."

काकूंनी त्या भोकाला स्वतःचा डोळा लावला. "राहू द्या. दार लावलं तरी देवाला सैपाकघर दिसंल. नैवेद्याला उशीर का होतो, त्यालाच कळू द्या!"

*

मग पाळणा घेतला. दांडे बसवायची भोकं लांबट झाली. दांडे सैल बसले. मी एका भोकावर माझी अंगठी ठेवून बघितली, तर एका बाजूला फट.

चाचांनी पाळण्याला कान लावून दांडे हलवले. "खुळखुळा बाळाच्या हातात पाहिजे बे रफिक, पाळण्यात न्हाई!"

पातं सरकवणाऱ्या मोटरच्या दांड्याजवळचा स्क्रू ढिला निघाला. तो आवळला आणि भोक अंगठीइतकं गोल आलं.

*

गोल आलं, पण भोकांची ओळ दर वेळी एकाच जागी उडी मारायची. रफिकभाईंनी वायरी बघितल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मशीनला शिव्याही दिल्या.

शेवटी मी जुन्या टूथब्रशनं मशीन जिच्यावर सरकते ती दातेरी पट्टी घासायला घेतली. ग्रीसमध्ये रुतलेला पिवळा तांदूळ निघाला!

दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा करतो. हळदकुंकू मी वाहते, अक्षता मात्र रफिकभाईच टाकतात. त्यांचा तो हट्टच.

"ताई, अक्षता किती टाकायच्या असतात?"

"चार दाणे पुरतात."

"मी तर वाटीभर टाकल्या! म्हटलं, लई बरकत येईल!"

"लेकरा," चाचा म्हणाले, "तिला अजीर्ण झालं."

*

बारशाच्या आदल्या संध्याकाळी पाळणा जुळला. एकही दांडा हलेना. तेवढ्यात जावईबापूंचा फोन आला, "लोखंडी घेऊ का?" मी म्हटलं, "नका घेऊ."

पाळणा मशीनच्या वरच्याच तुळईला टांगला. झोका कसा बसतो ते बघायला चाचांनी दोरी धरली, आणि मी ओरडले, "चाचा, रिकामा पाळणा हलवू नये!"

"मग काय घालू?"

"बारशाला आमच्यात आधी वरवंटा घालतात."

वर्कशॉपमध्ये वरवंटा कुठला? चाचांनी फळीवरची जुनी मोटर आणली. वजनाला बाळाएवढीच. आपल्या गमछ्यात गुंडाळून त्यांनी ती पाळण्यात ठेवली आणि झोका दिला. पाळणा सरळ गेला, सरळ आला. कुठं कुरकुर नाही.

चाचा दोरी काही सोडेनात.

"अब्बा, मोटर झोपली. चला आता घरी," रफिकभाई हसत म्हणाले.

"हळू बोल," चाचा म्हणाले.

मी घरी निघाले, तेव्हाही झोका चालूच होता. त्या दिवसांत थंडी चांगलीच पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळणा न्यायला गेले, तर चाचा उघड्या डोक्यानं दारात उभे होते, आणि त्यांची कानटोपी पाळण्यातल्या मोटरला घातलेली होती.