शेवटच्या पानांवरची पट्टी

नरसय्याअण्णांच्या लायब्ररीत रहस्यकथांची शेवटची पानं बंद असत. अण्णा त्यांच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून ती खळीनं चिकटवत आणि पुस्तकासोबत एक कोरी चिठ्ठी देत. पट्टी फाडण्याआधी चिठ्ठीवर खुनी कोण ते लिहायचं आणि पुस्तक परत करताना ती अण्णांना द्यायची. बरोबर असली तर ते पेन्सिलीनं खूण करत. आधी पट्टी फाडून मग चिठ्ठी लिहिणारे त्यांना लगेच ओळखू येत. "खरं वळखायला निगालेला मानूस जरा खोडतो की," ते म्हणत. "ह्याचं अक्षर बगा, रेशन कार्डावर लिवल्यासारकं."

अण्णांनी सगळी नोकरी यंत्रमागाच्या कारखान्यात सुताला खळ देण्यात काढली होती. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. निवृत्तीनंतर साखर पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी लायब्ररी काढली. मी कॉलेजात असताना तिथे जायला लागले. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी ओळीखाली बोट धरून वाचायचे आणि "हे पुस्तक नेते" यापलीकडे काही बोलायचे नाही. अण्णा मला 'अम्मा' म्हणत आणि जास्त बोलायला लावत नसत. पुस्तकामागच्या कार्डावर माझा सभासद क्रमांक लिहिताना एकदा म्हणाले, "आवडलं का, ते कार्डच सांगतं. एकदा नेलं तर वाचायला. परत नेलं तर जीव लागला."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक नवी कादंबरी आणली. गिरणीतल्या एका कारकुनाचा खून होतो. इन्स्पेक्टर चार प्रकरणांत चार वेगवेगळे खुनी पुराव्यासकट सिद्ध करतो. पट्टी फाडली की शेवटच्या पानावर तो डायरी मिटतो आणि वाचकालाच विचारतो, "त्या दुपारी तुम्ही कुठे होता?" संपलं पुस्तक.

पहिल्या वाचकानं पानं फाटल्याची तक्रार केली. अण्णांनी एकेक पान मोजलं. सगळी होती. एकही चिठ्ठी बरोबर येईना, आणि लायब्ररीत दोन तट पडले.

चिंचोळी एमआयडीसीत टेम्पो चालवणारे सलीमभाई सगळ्यात चिडले. "टेंभुर्णीचं भाडं घ्यायचं, अर्ध्या वाटेत मोहोळलाच गाडी बंद करायची, आन् वर म्हनायचं, बसा, हवा खावा. असं चालतंय का, अण्णा?"

"सलीमभाई, आयुष्यात कुठल्या गोष्टीचा शेवट असा पट्टीखाली मिळतो हो?" निवृत्त शिक्षिका होटगीकर बाई म्हणाल्या. त्यांना पुस्तक फार आवडलं होतं.

"म्हनून तर पुस्तक वाचतो, बाई. आयुष्य काय, रोजचंच हाय."

सलीमभाईंनी आणि आणखी काहींनी सभासदत्व सोडण्याची भाषा केली. अण्णा स्वतःचं मत सांगेनात. "माजी खळ फुकट गेली, एवडंच मला कळतं." शेवटी त्यांनी एका रविवारी सकाळी ते पुस्तक वाचलेल्या सगळ्यांना बोलावलं. वहीत दोन रकाने आखले. नको म्हणणारे जास्त निघाले तर पुस्तक जाणार आणि तसलं पुन्हा येणार नाही.

माझ्यापर्यंत आलं तेव्हा दोन्हीकडे सारखी मतं होती. आणि मी शेवटची होते.

ते पुस्तक मी लागोपाठ तीनदा नेलं होतं. कॉलेजात अशा पुस्तकांना पोस्टमॉडर्न म्हणतात, त्यावर मी इंग्रजीत निबंधही लिहिला होता. पण आवडलं म्हटलं असतं तर सलीमभाईंनी का म्हणून विचारलं असतं, आणि ते सगळ्यांसमोर मराठीत सांगावं लागलं असतं.

"नाही आवडलं," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि लिहून घेतलं. पुस्तक कपाटातून गेलं, आणि त्यानंतर होटगीकर बाईही लायब्ररीत यायच्या बंद झाल्या.

गेल्या हिवाळ्यात अण्णांचे गुडघे फारच दुखायला लागले. मुलीनं त्यांना हैदराबादला न्यायचं ठरवलं. लायब्ररी बंद करताना त्यांनी प्रत्येक सभासदाला वर्तमानपत्रात गुंडाळून एकेक पुस्तक दिलं. माझं मी घरी येऊन उघडलं. तीच कादंबरी. शेवटच्या पानांवर नवी पट्टी, कार्डावर ओळीनं तीनदा माझा क्रमांक, आणि आत एक कोरी चिठ्ठी.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी नेऊन दिली. तिच्यावर मी माझं स्वतःचं नाव लिहिलं होतं. एकदा खोडून, मग पुन्हा.

अण्णांनी ती वाचली आणि कानामागची पेन्सिल काढून खूण केली. "ह्या पुस्तकाची ही पैली चिट्टी बरोबर आली."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? कार्डावरून?"

"कळलं की. पन मानसानं तोंडानं सांगितलं ते लिवायचं, अम्मा. न्हायतर इचारायचं कशाला?" त्यांनी गठ्ठ्यातून ती वही शोधून काढली, एका रकान्यातला माझा क्रमांक खोडला आणि दुसऱ्यात लिहिला. "आता सलीमभाई येतोय गठ्ठे न्यायला. त्याला सांगा."

सलीमभाई आले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तवा काय तोंडात गुळणी धरली व्हती?" मग खाली टेकले. "सांगा. काय आवडलं त्यात?"

मी सांगायला लागले. शेवटच्या पानावर कुणीतरी थेट मलाच विचारतं, आणि तिथे गप्प बसून चालत नाही, म्हणून आवडलं. होटगीकर बाईंना हे सांगायचं राहिलंय, आज जाणार आहे, तेही सांगितलं. दोनदा शब्द अडले, एकदा इंग्रजीत गेले. मग मी थांबलेच. अण्णा पाठ करून सुतळीनं गठ्ठे बांधत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"थांबू नका ना," सलीमभाई म्हणाले. "अजून मोहोळच आलंय."